त्रिंबकशेठचं ब्लूटूथ

हर्सूलच्या पुढे प्लॉट विकणाऱ्या त्रिंबकशेठनं नवीन गाडीत बसताच खिशातला फोन गाडीला जोडला. वायर नाही, काही नाही. स्क्रीनवर त्याचं नाव उमटलं.

"बघा मावशी, फोन खिशात आन बोलणं गाडीत!"

मागे पिशोरजवळच्या वस्तीवरचे बन्सीतात्या आणि त्यांची बायको भागूबाई बसले होते. भागूबाई गावच्या माजी सरपंच. मुलगा शहरात नोकरीला लागला, म्हणून प्लॉट बघायला आल्या होत्या.

"ते ऱ्हाऊ द्या. पाणी हाय का?" भागूबाईंनी विचारलं.

"पाणी? बोअर चालू केला की लोटच्या लोट!"

दुष्काळानं शहराचे नळ आठवड्याला आणले होते. त्रिंबकशेठचे बोअर मात्र जाहिरातीत बारमाही वाहायचे. साइट जवळ आली तशी त्यानं गाडी थांबवली. गिऱ्हाईक उकडायला नको म्हणून एसी चालू ठेवला, काचा बंद केल्या आणि चार पावलांवरच्या निंबाखाली जाऊन भागीदार सांडूला फोन लावला.

"हॅलो! हॅलो, सांडू!"

कानाशी काहीच ऐकू येईना. इकडे गाडीत मात्र आवाज घुमला, "शेठ, टँकर आलाय. बोअरमधी ओतू का? गिऱ्हाईक येईस्तोवर टिकंल ना पाणी?"

तात्या दचकले. भागूबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"ओतू नको," त्या स्क्रीनला म्हणाल्या.

"कोण, वहिनी का?"

"व्हय. टँकर तसाच पिशोरकडं ने. अलीकडं वस्ती लागंल, मारुतीजवळ हौद हाय, त्यात सोड. आन मागल्या रस्त्यानं जा."

"आन गिऱ्हाईक?"

"त्याचं मी बघते."

बाहेर त्रिंबकशेठनं रेंजला दोन शिव्या हासडल्या आणि तो परत आला. साइटवर जाऊन त्यानं ऐटीत मोटरचं बटन दाबलं. बोअर दोनदा खोकला आणि गप्प झाला.

"लाईट कमी हाय," तो म्हणाला.

"असंल," भागूबाई म्हणाल्या. "चला, आम्हाला घरी सोडा."

पिशोरच्या वाटेवर गाडीत पुन्हा सांडू बोलला, "शेठ, वहिनींच्या हुकमापरमाणं वस्तीवर पोचलो!"

"कोणत्या वहिनी?"

भागूबाईंनी पदर सावरला. तात्या खिडकीबाहेर बघत होते.

वस्तीवर हौदाभोवती हंड्यांची झुंबड उडाली होती. गुढीपाडव्यापासून तिथं टँकर फिरकला नव्हता. "हे त्रिंबकशेठ, यांनीच पाठवला," भागूबाईंनी सगळ्यांना सांगितलं. त्याच्या रागाला तोंड फुटायच्या आत गळ्यात हार आणि डोक्यावर टोपी पडली. बायाबापड्या पाया पडू लागल्या तसा त्याचा चेहरा हळूहळू दात्यासारखा दिसू लागला. त्यानं टँकरला टेकून फोटो काढून घेतला आणि स्टेटसला टाकला: 'तहानलेल्यांसाठी सदैव तत्पर'. खाली मोबाइल नंबर.

परतताना हर्सूलच्या अलीकडेच गाडीत अनोळखी आवाज घुमला.

"शेठ, देवगाव रंगारीहून बोलतोय. सगळं गाव हंडे घेऊन रस्त्यावर बसलंय. निघाला ना टँकर?"