एका जॉयस्टिकच्या शेपट्या

आमच्या इमारतीत कुणाकडे नवी वस्तू आली की लोक पेढे मागायला येतात. मेश्रामसाहेब प्लग बघायला येतात. वस्तू टीव्ही आहे की इस्त्री, कुठून आणली, रंग कुठला, यातलं काही त्यांना विचारायचं नसतं. चपला काढता काढताच ते विचारतात, "तोंड कसं आहे तिचं?" तोंड म्हणजे प्लग, पिन, सॉकेट, वायरीचं जे कुठलं टोक यंत्रात घुसतं ते. ते दाखवलं की चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरतात, "हं" म्हणतात आणि जातात.

ते आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे भंडाऱ्याकडचे. टेलिफोन खात्यात लागले, बदली होऊन पुण्यात आले आणि इथेच बिबवेवाडीत घर घेऊन निवृत्त झाले. इतकी वर्षं होऊनही बोली भंडाऱ्याचीच राहिली, आणि मला ते आवडतं. चार दिवस पुण्यात राहून आमच्याहून शुद्ध बोलायला लागलेली माणसं मी पुष्कळ सोसली आहेत. साहेबांचं दुसरं वाक्य म्हणजे "लाइन लागली." मिक्सर फिरला तरी लाइन लागली, नळाला पाणी आलं तरी लाइन लागली.

देशाची दारं उघडली आणि बाजारात तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू आल्या, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. साहेबांना दुःख झालं. "खात्यात कसं होतं," ते सांगायचे, "भंडाऱ्याचा फोन इथं आणून लावा, चालते. आता दोघा भावांचे दोन मोबाइल, तर याचं चार्जर त्याले चालत नाही. काहून? तर कंपनी वेगळी. अरे बाप्पा, तोंड वेगळं केलं म्हणून करंट वेगळा होते काय?" आमच्या चेअरमननी एकदा त्यांना संसदेत जाण्याची सूचना केली. साहेबांनी तिथल्या माइकचं तोंड कसं असतं, असं विचारलं.

या सगळ्या तक्रारीचं मूळ एका जॉयस्टिकमध्ये होतं. कोपऱ्यावर एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. इंटरनेट आलं तसं मालकानं सायबर कॅफे करायचं ठरवलं आणि जुनी अवाढव्य यंत्रं फुटपाथवर काढून ठेवली. त्यातल्या एकाची जॉयस्टिक साहेबांनी मागून आणली. वर लाल गोळा, खाली लोखंडी दांडी आणि तिच्या चारी बाजूंना चार स्विच. गोळा जिकडे ढकलाल तिकडचा स्विच टक्‌ करून दबायचा. साहेबांनी ती घरातल्या जेवायच्या पाटाला भोक पाडून त्यात बसवली आणि बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक छोटा टीव्ही गेम आणून त्याला जोडली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या डोक्यावर टक्‌ टक्‌ सुरू झालं. मी कंपनीतून डोकं उठवूनच घरी येणार, चहाचा कप हातात घेणार, आणि वरून टक्‌ टक्‌. निवृत्त माणसाला बागेत जायला काय होतं, असं मी आईला विचारायचे. आई म्हणायची, "बागेत गेले तर तिथल्या कारंज्याचं तोंड बघत बसतील."

तो छोटा गेम काही महिन्यांत मेला. मग सीडीवाला आणला. त्याचं तोंड वेगळं. साहेबांनी एक युक्ती काढली. जॉयस्टिकची सगळी वायरिंग पाटाच्या कडेला एका रुंद सॉकेटमध्ये आणून सोडली, आणि नव्या यंत्राचा कंट्रोलर उघडून, त्याच्या बटणांना आतून वायरी जोडून एक शेपूट तयार केली. एका टोकाला सॉकेटमध्ये बसणारा प्लग, दुसऱ्या टोकाला त्या यंत्राचं तोंड. यंत्र बदललं तर शेपूट बदलायची, पाट तोच. मग इमारतीत ज्यांच्या ज्यांच्याकडे गेम होता त्यांच्या त्यांच्याकडे ते तोंड जुळवायला पाट काखोटीला मारून जाऊ लागले. लोक हसायचे. मीही हसायचे, आणि जरा मोठ्यानं हसायचे.

पुढे कंपनीनं मला अमेरिकेला पाठवलं. येताना सगळे आणतात म्हणून मीही तिथला नवाकोरा गेम आणला. दुसऱ्याच सकाळी साहेब दारात.

"ताई, मशीन आली म्हणतात."

"आली."

"तोंड पाहू द्या ना."

आई आतून म्हणाली, "आधी चहा घ्या, मग शवविच्छेदन."

चहा झाला. साहेबांनी तोंड पाहिलं आणि या वेळी "हं" म्हणून गेले नाहीत. त्यांच्याकडचा सीडीवाला आता सीडीच वाचेना, म्हणून पुढच्या पिढीची सोय आत्ताच बघून ठेवायची आहे, म्हणाले. जादा कंट्रोलर होता. मी म्हटलं, घ्या. त्यांनी तो माझ्या डोळ्यांदेखत उघडला. आत रंगीबेरंगी वायरी बघून त्यांचा चेहरा खुलला. टेलिफोनच्या केबलीतल्या वायरींचा एक ठरलेला क्रम असतो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. साहेबांना तो पाढ्यासारखा पाठ. त्यांनी वायरी तपासायचा मीटर पिशवीतच ठेवला, पाढा म्हटला आणि त्या क्रमानं वायरी जोडल्या. परदेशातल्या त्या कारखान्याला आपल्या टेलिफोन खात्याचा पाढा कुणी शिकवला नव्हता. यंत्र सुरू केलं, चित्र आलं, पण कुठलंच बटण चालेना. माझा धडधाकट कंट्रोलर लावून पाहिला, तोही चालेना.

साहेब उभ्याउभ्या पांढरे पडले. "रंगावर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा जी," एवढं पुटपुटले आणि पाट उचलून निघून गेले.

मला राग येतो तेव्हा तो दिवसभर मुरतो आणि मग उकळतो. संध्याकाळी मी जिना चढून वर गेले. काय काय बोलायचं ते पायऱ्यांवर घोकलं होतं. दार उघडंच होतं. आत टीव्हीसमोर पाट मांडून बाई बसल्या होत्या.

बाई म्हणजे साहेबांची बायको. महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्या बाई. साहेबही त्यांना बाईच म्हणतात. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं मला माहीत होतं, पण आपल्याला बरंच काही माहीत असतं आणि आपण कामावर जातो. बाईंनी उजव्या हाताची मूठ लाल गोळ्यावर घट्ट आवळली होती. यंत्र बंद होतं, टीव्ही काळा होता, आणि त्या नुसताच गोळा ढकलत होत्या. टक्‌. बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्‌.

"ये," त्या म्हणाल्या. "भांडायला आलीस ना? ते मीटरची बॅटरी आणायला गेलेत. बस."

मी बसले.

बाईंनी सांगितलं ते असं: डॉक्टरांनी त्या लुळ्या उजव्या हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. बाईंनी तो खिडकीतून फेकला. "बालवाडीत घालताहेत मला," म्हणाल्या. मग साहेबांनी ही जॉयस्टिक आणली. पार्लरमध्ये ती डाव्या हाताला असते, त्यांनी मुद्दाम उजवीकडे बसवली. गोळा बाईंच्या बंद मुठीत मावला. हल्लीच्या कंट्रोलरची बारीक बटणं त्या बोटांना जमेनात, हा गोळा जमला. वरून पडणाऱ्या विटा रांगेत बसवायचा खेळ त्यांना आवडला, कारण वर्ग सांभाळणं यापेक्षा वेगळं नसतं. "तू आडवा हो. तू कोपऱ्यात जा. मधे घुसू नकोस." एकेक बोट हलायला लागलं होतं. पण यंत्र बंद पडलं की त्या कंटाळायच्या, आणि हात चार दिवस स्वस्थ राहिला की बोटं पुन्हा आवळून यायची. सगळी यंत्रं बदलत राहणार होती. हात एकच होता, आणि त्याला ही एकच जॉयस्टिक चालत होती.

"आणि तुला सांगते, हे कुठेही असले तरी कान इकडे असतात," बाई म्हणाल्या. "झटका आला त्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. हे बाहेर रेडिओ उघडून बसलेले. लाटण्याचा आवाज थांबला. ह्यांना वाटलं, पोळ्या झाल्या. बऱ्याच उशिरानं आत आले. आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. अजून त्यांच्या मनातून जात नाही ते."

मी घोकलेलं सगळं विसरले. खाली गेले, माझा गेम, अमेरिकी यंत्राला इथली वीज सोसावी म्हणून लावलेल्या ट्रान्सफॉर्मरसकट, वर आणून ठेवला आणि साहेब आल्यावर त्यांना म्हटलं, "मेलाय तो, तर इथेच उघडा." माझा आवाज अजून रागावल्यासारखाच होता. तो तसाच आहे, त्याला माझा इलाज नाही.

या वेळी त्यांनी पाढा म्हटला नाही. एकेक वायर मीटरनं तपासली. मग यंत्राच्या आत कंट्रोलरच्या वाटेवर एक मुंगीएवढा फ्यूज सापडला, तेवढाच जळला होता. "मशीन नाही मेली, ताई. यानं जीव देऊन तिले वाचवलं," म्हणाले, आणि मला हायसं वाटलं. मग नवा फ्यूज बसला, नवी शेपूट बसली. बाईंनी गोळा ढकलला आणि पडद्यावरची वीट शहाण्या मुलीसारखी सरकली.

"लाइन लागली," साहेब म्हणाले. गेम वरच राहिला. मला तसाही खेळायला वेळ नव्हता.

आता ती टक्‌ टक्‌ मला खुपेना. उलट उशीर झाला तर मीच वर बघायचे. जिन्यात भेटले की साहेब आजचा पाढा सांगायचे: आज मधलं बोट हललं, आज अंगठा जागा झाला.

एका संध्याकाळी साहेब आमच्याकडे माझ्या नव्या मोबाइलच्या चार्जरचं तोंड बघत होते. खिडक्या उघड्या होत्या, मार्केट यार्डाकडून कांद्याचा वास येत होता, वरून टक्‌ टक्‌ चालू होती. आणि ती थांबली.

आम्ही दोघंही थांबलो. साहेबांनी चार्जर टेबलावर ठेवला. थोडा वेळ वाट पाहिली. मग चपला न घालता ते जिन्याकडे धावले, आणि त्यांच्यामागे मी. 

टीव्हीवर विटा पडत होत्या आणि वाटेल तशा साचत होत्या. पाटासमोर कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून आवाज आला. टक्‌. टक्‌.

बाई ओट्याशी उभ्या होत्या. डाव्या हातानं ओट्याची कड धरलेली, आणि उजव्या हातात गॅसचा लायटर. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा शेगडी पेटली. त्यांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

"काय झालं? चहा ठेवतेय. झटक्यापासून ह्यांच्याच हातचा पितेय, कंटाळा आला."

 साहेबांनी पुढे जाऊन गॅस बंद केला आणि म्हणाले, "पुन्हा एकदा पेटवा ना, बाई."

"हे काय आता?"

"मले ऐकू द्या."

बाईंनी वर्गात नापास पोराला समजावावं तसा सावकाश लायटर दाबला. टक्‌. या वेळी पहिल्याच दाबात ज्योत आली.

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि ते ओट्याखालचं स्टूल ओढून त्यावर बसले. ते रडत होते, आणि लपवत नव्हते. मीही रडले. बाईंनी चहात साखर घातली आणि मला म्हणाल्या, "तूही घेऊन जा कपभर." साहेबांचे ओठ हलत होते. लाइन लागली म्हणत असावेत.