भुंकणारं पाडस आणि दोन द्रोण

एका जंगलात एकही कुत्रा नव्हता. तरी बाळांनो, एका सकाळी तिथे भुंकणं ऐकू आलं.

ससे बिळात शिरले. माकडं शेंड्यावर गेली. शिकारी आले असं वाटून वाघसुद्धा, सहज म्हणून, जरा आतल्या बाजूला जाऊन बसला.

भुंकत होतं ते चितळिणीचं पाडस, ठिपकू. त्याचा घसा आतून सुजला होता. खोकलं की भुंकल्यासारखा आवाज यायचा. श्वास आत घेतला की करवत चालल्यासारखी घरघर व्हायची.

चितळीण त्याला घेऊन वडाखाली आली. तिथे जंगलाचे दोन डॉक्टर बसत. डॉक्टर अस्वल आणि डॉक्टर साळिंदर.

अस्वलाने पाडसाच्या वजनाला मोजून एका द्रोणात औषध ओतलं. "स्टेरॉइड आहे. एकदाच प्यायचं. सूज उतरेल."

साळिंदराने दुसरा द्रोण भरला. "हेही स्टेरॉइडच. फक्त हे एकदा नाही, तीन दिवस प्यायचं. सूज उतरेल."

"मग कुठलं देऊ?" चितळिणीने विचारलं.

हा प्रश्न तिने विचारायला नको होता, बाळांनो.

दोन्ही द्रोण दगडावर ठेवले गेले आणि सभा भरली. अध्यक्ष म्हणून म्हाताऱ्या गव्याला बसवलं, कारण तो आधीपासूनच तिथे बसलेला होता.

"तुलना केल्याशिवाय औषध द्यायचं नाही," अस्वल म्हणालं. "त्यासाठी दोन पाडसं लागतील. वय सारखं, खोकला सारखा. एकाला माझं, एकाला यांचं."

"पण एकच आहे," गवा म्हणाला.

"दुसरं आजारी पडेपर्यंत थांबू," साळिंदर म्हणालं. दोघांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

झाडावरून माकडीण म्हणाली, "आमचं शेंबडं आहे. चालेल का?"

"भुंकतं का?"

"नाही हो. नुसतं गळतं."

"मग नाही चालणार."

"अहो, याच्या बरगड्या आत ओढल्या जातायत," चितळीण म्हणाली.

"बाई, आम्ही याच्याचसाठी भांडतोय," अस्वल म्हणालं. "मध्ये बोलू नका."

चितळीण मध्ये बोलली नाही. एकदा घेतलेलं बरं की तीनदा, कडू ओकून टाकलं तर मोजायचं का, हे सगळं चालू असताना ती दगडामागे गेली. हाताला लागेल तो द्रोण तिने उचलला आणि ठिपकूच्या तोंडाला लावला. त्याने तोंड वाकडं केलं, पण गिळलं. मग तिने रिकाम्या द्रोणात ओढ्याचं पाणी भरलं, त्यात दोन करवंदं चिरडली आणि द्रोण जागच्या जागी ठेवला. कुठला उचलला होता, हे तिलाही आठवेना.

सभा उन्हं कलेपर्यंत चालली. अस्वलाचं भाषण अर्ध्यावर असताना गव्याने कान टवकारले.

"भुंकणं थांबलं वाटतं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ठिपकू अस्वलाच्या पाठीमागचं गवत खात होतं. घरघर जवळजवळ गेली होती.

दोन्ही डॉक्टर धावत दगडाकडे गेले. दोन्ही द्रोण काठोकाठ भरलेले.

"यांच्या औषधाने नाही," अस्वल म्हणालं.

"यांच्याही नाही," साळिंदर म्हणालं.

"मग कशाने?"

गव्याने बराच वेळ रवंथ केला. "दिवसभरात इथे एकच गोष्ट झाली," तो म्हणाला. "चर्चा."

ठराव एकमताने मंजूर झाला. माकडिणीने चितळिणीकडे पाहिलं. चितळीण ठिपकूचा कान चाटत होती.

तेव्हापासून त्या जंगलात एखादं पिल्लू भुंकायला लागलं की लगेच सभा भरते. दोन्ही डॉक्टर जोरात भांडतात. दगडावर दोन द्रोण असतात. आणि पिल्लू बरं होतं. एकदाही चुकलेलं नाही. फक्त त्या दगडाभोवती करवंदं कशी म्हणून उरत नाहीत.

तात्पर्य : मूल आजारी पडलं तर मोठ्यांनी आधी भरपूर वाद घालावा. तेवढ्यात त्याच्या आईला औषध पाजायला वेळ मिळतो.