पानात किती उरलं

वाल्मीकच्या फ्लॅटचं कर्ज दोन गुणांवरून अडलं, आणि ते दोन गुण त्याच्या चुलत बहिणीच्या बस्त्यात गेले होते.

चैतालीच्या लग्नाचा बस्ता. तिचे वडील, निवृत्तीकाका, सिन्नरहून रोख रकमेची पिशवी काखेत दाबून नाशिकला आले होते. नवरीचा शालू, नवरदेवाचा सूट, मानाच्या सव्वीस साड्या. बिल झाल्यावर दुकानदार म्हणाला, कार्डावर पाच टक्के सूट आहे. वाल्मीक छताकडे बघू लागला. त्याची आई सगुणाबाई मात्र त्याच्याकडेच बघत होत्या.

"काढ की कार्ड. भाऊजी इथंच रोख देतायत तुला. पाच टक्के काय दुकानदारावरून ओवाळून टाकायचे?"

लाखाच्या कार्डावरचे चौऱ्याण्णव हजार गेले. काकांनी तिथेच नोटा मोजून दिल्या. तिसऱ्या दिवशी कार्डाचं बिल निघालं, पाचव्या दिवशी वाल्मीकने ते सगळं भरलं. कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही.

तरी गंगापूर रोडच्या बँकेत, कर्जाच्या टेबलावरचा महेश पडद्याकडे बघून म्हणाला, "क्रेडिट स्कोअर सातशे अठ्ठेचाळीस. सातशे पन्नास लागतो. मागच्या महिन्यात तर सातशे ऐंशी होता तुमचा."

वाल्मीकची बायको हर्षाली बोटांवर दिवस मोजू लागली. अकरा वर्षं भाड्याच्या घरात झाली होती. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवं घर, आणि सामान हलवताना मधूनच कपाटाचा एखादा पाय मोडायचा. आता कपाट चार विटांवर उभं होतं. फ्लॅटसाठी बिल्डरला लाख रुपये टोकन दिलं होतं. तीस तारखेपर्यंत कर्जमंजुरीचं पत्र आलं नाही, तर फ्लॅटही गेला आणि लाखही गेले.

"कार्डांचा भार जरा कमी करा, आठवड्यानं या," महेश म्हणाला, आणि त्याचा फोन वाजला.

घरी आल्यावर सगुणाबाईंनी भार कमी करायला घेतला. वाल्मीककडे दुसरं एक कार्ड होतं, दोन लाखांचं, कधी वापरलंच नव्हतं.

"हे कशाला पाळलंय मग? बंद कर."

वाल्मीकने अर्धा तास फोनवर एक दाबा, चार दाबा करत ते बंद केलं. सगुणाबाईंनी कात्रीने त्याचे चार तुकडे केले आणि बऱ्याच दिवसांनी जरा आडव्या झाल्या.

आठवड्याने स्कोअर निघाला सातशे नऊ.

"मावशी, ते कार्ड बंद करायला कोणी सांगितलं?" महेशने विचारलं.

"तू."

महेशने चष्मा काढून डोळे चोळले. "मी वापर कमी करा म्हणालो होतो. दोन्ही मिळून तीन लाखांची मर्यादा होती. त्यातले चौऱ्याण्णव हजार वापरले, म्हणजे एकतीस टक्के. एका कार्डावर काठोकाठ होते म्हणून थोडे गुण गेले. आता मोठं कार्डच गेलं. उरलं लाखाचं, त्यात वापर चौऱ्याण्णव टक्के."

"पण पैसे भरलेत ना आम्ही."

"भरलेत. पण बिल निघालं त्या दिवशीचा आकडा वर, स्कोअर काढणाऱ्या कंपनीला, कळवला जातो. भरल्याचं पुढच्या वेळी कळेल. दीड महिन्यात येईल स्कोअर परत."

"बिल्डर थांबतो का दीड महिना?"

"ते बिल्डरला विचारा."

सगुणाबाईंनी पदर सारखा केला. "म्हणजे वाढायचं तुम्हीच, आणि आम्ही जेवलो की म्हणायचं, उपाशी घरचे दिसतात."

महेशने विचार केला. "तसंच काहीसं."

"मग तसं बोल ना बाबा. सोयरीक जमवायला जाताना मी पोरांना घरूनच दोन-दोन भाकरी चारून नेत होते. तिथं कितीही आग्रह झाला तरी एका जिलबीवर उठायचं. पानात उरलेलं बघतात लोक. बँक पण सोयऱ्यांतलीच निघाली, हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

महेशची जेवायची वेळ टळून गेली होती. "घरात अजून कुणाचं कार्ड आहे का?"

"आई, तुमचं आहे ना," हर्षाली म्हणाली.

"ते कुठं कार्ड हे? ते लाइटबिलाचं हे."

सगुणाबाई महापालिकेच्या दवाखान्यात आया होत्या. पेन्शन सुरू झाली तेव्हा बँकेने गळ्यात मारलेलं ते साठ हजारांचं कार्ड. चार वर्षं त्यावरून महिन्याला हजाराच्या आतलं लाइटबिल जायचं. कार्डाचं बिल आलं की दुसऱ्या सकाळी हर्षालीकडून ते भरून घेतल्याशिवाय सगुणाबाई चहा घ्यायच्या नाहीत.

महेशने त्यांचा पॅन नंबर टाकला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"आठशे चार."

"कितीपैकी?"

"नऊशे."

सगुणाबाईंनी मुलाकडे पाहिलं. "मला तिसरीत पस्तीस होते. ह्याच्या बीकॉमची फी भरली मी."

फाइल नव्याने झाली. बँक पहिल्या नावाचा स्कोअर धरते, म्हणून पहिलं नाव सगुणाबाईंचं, पगारासाठी दुसरं वाल्मीकचं. पत्र अठ्ठावीस तारखेला आलं. दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, हे वाल्मीकने विचारलं नाही. सगुणाबाईंनीही सांगितलं नाही, पाटीच करून आणली.

नव्या घरात कपाट भिंतीला लागलं, विटांसकट. आणि बँकेचे फोन सुरू झाले, सगुणाबाईंना, दिवसातून तीनदा.

"मॅडम, तुमच्या कार्डाची मर्यादा साठ हजारांवरून तीन लाख करतोय. फक्त हो म्हणा."

"नको बाई. पोट भरलंय."

"मॅडम, थोडी तरी वाढवू."

सगुणाबाईंनी पानावर आडवा धरावा तसा फोनवर हात धरला. खोलीच्या पलीकडून वाल्मीक दमल्या आवाजात म्हणाला, "आई, घेऊन टाक. मर्यादा वाढली आणि वापर तेवढाच राहिला, की स्कोअर अजून वर जातो."

"म्हणजे पान मोठं मागायचं आणि जेवायचं तेवढंच?"

"हो."

सगुणाबाईंनी हात बाजूला केला आणि फोन कानाला लावला.

"वाढ बाई. आम्ही हात लावणार नाही."