आज बाई रुसली हाय

मला इथे टिकवलं ते सुखदेवकाकांनी. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना वेडा म्हणाल.

काका रोज सकाळी टाकीत बोट बुडवून पाणी चाखतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "आज बाई रुसली हाय."

बाई म्हणजे समुद्री शेवाळ. जळगाव जामोदजवळच्या त्यांच्या शेतात ते सिमेंटच्या टाक्यांत वाढतं. तिथल्या बोअरचं पाणी इतकं खारं, की पीक करपतं, तुरीची डाळ शिजत नाही. "मंग ज्याले खारंच आवडते त्याले बोलवू," म्हणत काकांनी कोकणातून शेवाळ मागवलं. त्याच्यासोबत मी आले. शाळा नववीतच सुटलेली. शेवाळ दोरीला बांधणं तेवढं येत होतं.

गावातले हटकायचे, "काऊन हो काका, समुद्र आणला म्हणे?"

"आणला. ये बे पोहाले!"

पण लवकरच शेवाळ पिवळट पडलं, टोकं गळू लागली. ते गेलं की माझं काम गेलं. काकांनी पाणी चाखलं, "मीठ कमी हाय," म्हणाले आणि पोतंभर मीठ ओतलं. बाई आणखीच रुसली.

शेवटी मी हट्टाने बोअरचं पाणी तपासायला पाठवायला लावलं. उत्तर आलं: मीठ पुरेसं आहे, पण समुद्रात असतं तेवढं पोटॅश यात नाही. शिवाय टाकीतलं पाणी हलत नाही, म्हणून दुपारपर्यंत शेवाळ त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू खाऊन संपवतं, नवा मिळत नाही.

काकांनी पोटॅश आणलं. आधी चिमूटभर जिभेवर ठेवून तोंड वाकडं केलं. "हे माह्या जिभेले समजलंच नसतं, पोरी. सारी उमर मिठातच गेली तिची."

जास्तीचं खारट पाणी काढलं, पोटॅश घातलं, हवेचा पंप लावला. हळूहळू तांबूस रंग परतला, फांद्या फुटल्या. तेच हटकणारे आता पाहुण्यांना टाक्या दाखवायला आणतात. मी पुढे होऊन सांगते, "हे आमचं शेवाळ."

काका माझ्यासाठी सायकलवरून गोड्या पाण्याची कॅन आणतात. स्वतः मात्र बोअरच्या पाण्यातली कचकचीत डाळ खातात. एकदा कारण विचारलं, तर म्हणाले,

"तुही काकू याच पाण्यात दाळ शिजवे. मी ताटावरून उठून जाओ. तिले मरेपर्यंत वाटलं, तिच्याच हाताले चव नाई."

मग भरलेल्या टाकीकडे पाहत, काकू समोर असावी तसं हळूच म्हणाले, "पाह्यलं का वो? पाणीच तसं होतं. तुहा हात चांगलाच होता."

काकांनी समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस मी त्यांना माझ्या गावी नेणार आहे. ते लाटेत बोट बुडवतील, डोळे मिटतील, समुद्राचाही निकाल देतील. मग घरी गोड्या पाण्यातली मऊ डाळ मी स्वतः वाढीन. ताटावरून त्यांना उठू देणार नाही.