डुकरांचा भोंगा

ऐश्वर्याचे वडील घर बघायला येणार म्हणून स्वप्निल इतका हरखला होता, की पाहुण्यांना आणायला तो फाट्यावर एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बापाची चप्पल घालून गेला. जवळा बाजारला जाऊन त्याने पोरगी आधीच पाहिली होती आणि पाहताक्षणी विरघळला होता. आता सगळं अडलं होतं तिच्या वडिलांवर, सटवाजीरावांवर. जीपमधून ते उतरले ते गंभीर चेहऱ्यानेच. मागोमाग खुद्द ऐश्वर्याही उतरली. घर बघायला पोरगीही येते, हे गावाला नवंच होतं.

बाजेवर टेकायच्या आत सटवाजीरावांनी पोरगं काय करतं ते विचारलं. स्वप्निलला हेच हवं होतं. त्याने स्वतः एक अ‍ॅप बनवलं होतं. हरभऱ्यात घुसणारी रानडुकरं हाकलायला लोक आरोळ्या रेकॉर्ड करून भोंग्यावर लावतात, तेच काम हे अ‍ॅप करायचं. आवाज भरला की त्याची फाइल फोनमध्येच राहायची. रेंज असो नसो, अ‍ॅप ती उघडून भोंग्यावर पुन्हा पुन्हा वाजवायचं. सध्या त्यात त्याच्या बापाची, ग्यानबाची आरोळी होती. ती ऐकून डुकरंच काय, शेजारच्या रानातला खेमाही दचकायचा.

"मामा, आवाज असा भरायचा," म्हणत त्याने बटण दाबलं, तेवढ्यात दारातून ग्यानबा खाकरला. पाहुण्यांना आपसात बोलायला मोकळं सोडायची वेळ झाली होती. स्वप्निल फोन बाजेवरच ठेवून लगबगीने बाहेर पळाला.

परत आला तर अ‍ॅप आवाज भरतच होतं. त्याने ते थांबवलं. नवी फाइल झाली असेल, मागाहून पुसू, असा विचार करून तो सगळ्यांना मागच्या रानात घेऊन गेला. गोम इथेच होती. घाईत बनवलेल्या त्या अ‍ॅपला एकच फाइल ठाऊक होती. नवा आवाज आला की जुना पुसून त्याच जागी लिहायचा, एवढीच त्याची अक्कल. आजवर एकदाच आवाज भरल्यामुळे हे कधी उघडकीला आलं नव्हतं.

सटवाजीराव धुऱ्यावर, म्हणजे रानाच्या बांधावर, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. स्वप्निलने छाती फुगवून 'वाजवा' दाबलं. भोंगा खरखरला आणि शिवारभर सटवाजीरावांचाच आवाज घुमला.

"पोरगं बेस हाय. घर बी बराबर हाय. पर लगेच व्हय म्हणायचं न्हाई. चार रोज लोंबकळत ठेवू, म्हंजी आपला मान राहते."

पाठोपाठ ऐश्वर्याचा आवाज आला. "बाबा, मला पसंत हाय. तुमी उगं ताणून धरू नका."

आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

सटवाजीरावांचा चेहरा लालबुंद झाला. स्वप्निलला वाटलं, सोयरीक मोडलीच, आता हा माणूस पोरीला घेऊन जीपमध्ये बसणार. तो फोनशी झटू लागला. भोंगा तिसऱ्यांदा बोलला. कापूस वेचणाऱ्या बाया कमर सरळ करून ऐकू लागल्या. खेमा तर धुऱ्यापर्यंत चालत आला आणि अदबीने म्हणाला, "पाव्हणं, चार रोज कशाला थांबता? आमाला तर आत्ताच कळालं."

भोंग्याने पुन्हा सुरुवात केली, तसा सटवाजीरावांचा धीर सुटला.

"जावईबापू, व्हय म्हणलो म्या. आमचा होकार हाय. पर ते आधी बंद करा."

भोंगा त्याच क्षणी गप्प झाला. ग्यानबाने आनंदाने व्याह्याला मिठी मारली आणि साखर द्यायला घराकडे ओढत नेलं. खेमाही मागोमाग निघाला.

ऐश्वर्या मात्र रेंगाळली. तिने स्वप्निलच्या हातातला फोन घेतला. अर्ध्या स्क्रीनवर 'बंद' असं लिहिलेलं लालभडक बटण होतं.

"हे तर समोरच हाय. मंग इतका वेळ काहून दाबलं न्हाई?"

"आधी खरंच घाबरलो," स्वप्निल मान खाली घालून म्हणाला. "मंग म्हणलं, मामा व्हय म्हणतेत का बघावं."

ती खुदकन हसली. आता ही फाइल पुसून बापाची आरोळी पुन्हा भरतो, असं म्हणत त्याने फोनसाठी हात पुढे केला. तिने फोन पाठीमागे धरला.

"राहू द्या. लग्नात बाबा मानपानाला अडून बसले तर लागंल."