मैनाबाईंच्या कंट्रोलरची दुरुस्ती आणि तळ्याचें पाणी

बोटांच्या टोकाशीं बसून जी सकळ कामें करविते त्या देवतेस नमन करून हकीकत लिहिली जाते ऐशी जे: शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, वैशाखमासीं, एका राज्यावर आऊसाहेब राज्य करीत होत्या. त्या राज्याच्या सीमेवर एक तळें आणि तळ्यापलीकडे दुसरें राज्य. उन्हाळ्यांत पाणी एकास पुरे, दोघांस न पुरे. पूर्वीं त्यावरून डोकीं फुटत. मग शहाण्यांनीं ठराव केला कीं, दरसाल पडद्यावर नौकांची शर्यत खेळावी आणि जो जिंकेल त्याच्याकडे त्या उन्हाळ्यापुरतें तळ्याचें दार उघडावें. आऊसाहेबांकडून मैनाबाई वाघचौरे खेळत. बाईंचा डावा अंगठा लहानपणीं दारांत सांपडून आंखडला होता, म्हणोन त्यांनीं आपला कंट्रोलर कानशीनें घासघासून मुठीजोगा केला होता. त्या सालीं शर्यत तोंडावर आली आणि अंगठ्याखालची काठी न हलवितां नौका आपणच डावीकडे जाऊं लागली. मग हैबतजी तांबट, जे राज्याचे कारागीर, त्यांस बोलावणें गेलें. हैबतजींनीं यंत्र उघडून पाहिलें, तों काठीखालीं काजळीच्या लेपाची जी पातळ पट्टी असते आणि जीवरून काठी कोठें आहे हें यंत्रास कळतें, ती मधोमध झिजली होती. नवी पट्टी बसविली, दोष गेला. परंतु त्या राज्याचा रिवाज असा कीं, दुरुस्तीस आलेली वस्तु रूप्यानें मढवूनच परत करावी आणि झिजला भाग भट्टींत घालावा. हैबतजींनीं निष्ठेनें तैसेंच केलें, बाईंनीं घासलेलें जुनें कवचही झिजकें समजून भट्टींत घातलें आणि कंट्रोलर मखमलीवर ठेवून दरबारीं आणिला. सर्वांनीं वाहवा केली. बाईंनीं हातांत घेतला, काठी दोनदां फिरवून पाहिली आणि पुन्हां मखमलीवर ठेविला.

आऊसाहेब म्हणाल्या, "मैना, काय झालें?"

"आऊसाहेब, वैद्यांनीं रोग बरा केला, पण रोगी बदलून दिला. हें जड आहे, घामानें निसटतें आणि अंगठा काठीला पोंचत नाहीं."

दिवाण नारोपंत बोलले, "बाई, झिजकें यंत्र दरबारांत आणलें तर पलीकडचे हसतील."

"पंत, हसूं द्या. हरलें तर खालच्या गांवांचे ऊस वाळतील, तेव्हां कोण हसेल?"

आऊसाहेबांनीं कंट्रोलर मागून घेतला, उलटासुलटा केला आणि पुसिलें, "हैबतजी, हा धरायचा कीं ह्याची पूजा करायची?" जुनें कवच तर वितळून गेलें होतें. मग हैबतजींनीं रूपें उतरविलें आणि कणीक घट्ट मळून कंट्रोलरभोंवतीं थापिली आणि बाईंस धरावयास सांगितलें. ठसा पाहून पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचें कवच कोरिलें. बाईंनीं खेळून पाहिलें, तों मनगट दुखलें आणि अंगठा पुन्हां आंखूडच पडला. हैबतजींनीं बाईंची खेळती मूठ न्याहाळली आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "चूक माझी, ताई. बसल्या हाताचें माप घेतलें, खेळत्या हाताचें राहिलें." खेळते वेळीं मूठ आवळते, कोपर अंगाशीं येतें, अंगठा उताणा पडतो, हें सारें ठशांत उमटलें पाहिजे. म्हणोन पुन्हां कणीक लाविली आणि बाईंसमोर नारोपंतांस खेळावयास बसविलें. पंतांची नौका खडकावर गेली, मग दुसऱ्या खडकावर गेली, आणि पंत ओरडले, "राज्याचा दिवाण मी, आणि कणकेच्या गोळ्याशीं हरतों!" बाई हसल्या खऱ्या, परंतु हात ढिला केला नाहीं. त्या ठशावरून दुसरें कवच झालें; बोटें टेकतात तेथें लाकूड मुद्दाम खरखरीत ठेविलें आणि काठी अंगठ्याकडे जराशी कलती केली. बाई खेळूं लागल्या आणि खेळतां खेळतां हैबतजींशीं आंब्यांच्या गोष्टी काढल्या. हैबतजींनीं ओळखलें कीं कवच हातास बसलें.

शर्यतीचे दिवशीं दोन्ही राज्यें तळ्याकांठीं जमलीं. पलीकडून सिदोजी खरात, वयानें वडील, मोठे कसबी. बाईंचें लाकडी यंत्र पाहून त्यांचे लोक "पोळपाट आणला का?" ऐसें ओरडले. शर्यत अटीतटीची झाली. शेवटच्या वळणावर बाईंनीं अंगठा पुरता टेकवून नौका आंतून काढिली आणि अर्ध्या नौकेनें जिंकल्या. दार इकडे उघडलें. मग सिदोजी उठोन आले आणि हळूच म्हणाले, "बाई, जरा देतां?" त्यांनीं कवच धरून पाहिलें, त्यांच्या पंज्यांत तें बसेना. बोटें सोडवीत बोलले, "गेलीं कित्येक वर्षें खेळ संपला कीं हात गरम पाण्यांत ठेवून बसतों. मला वाटे, हें वयाचें."

नारोपंत कानाशीं लागले, "आऊसाहेब, ह्यांचा हात सुखी केला तर पुढील सालचें पाणी गेलें समजा."

आऊसाहेब म्हणाल्या, "पंत, माणसाच्या दुखण्यावर आपलीं शेतें भिजवायचीं काय?" आणि हैबतजींस पलीकडे सिदोजींकडे जाण्याची आज्ञा केली. सीमेच्या चौकीवर पहारेकऱ्यानें हटकिलें, "काय न्यायला आलांत?" हैबतजी म्हणाले, "एका हाताचें माप."

एवंच त्या सालीं खालच्या गांवांचे ऊस वांचले, पलीकडील गुरांस आऊसाहेबांच्या आज्ञेनें तळ्यावर पाणी पाजण्याची मोकळीक मिळाली आणि पुढील सालची शर्यत बरोबरीची होईल ऐसें दोन्हीकडचे लोक उघड बोलूं लागले. घडलें तैसें लिहिलें. इति.