धर्मगुरू खुर्चीतून उठले

"आज मी कुणाच्या बापाला भीत नाही," असं बायकोला ठणकावून होयबा घराबाहेर पडला. हे वाक्य फक्त शनिवारी दुपारपुरतं खरं असतं हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे भाजी निवडताना तिने मानही वर केली नाही.

पंपांच्या कारखान्यात तो स्टोअरमध्ये कारकून होता, तोही टेंपररी. साहेब काहीही बोलले तरी "हो साहेब" म्हणायचा, म्हणून होयबा. त्याला पर्मनंट करायचं की नारळ द्यायचा, ते सोमवारी कळणार होतं.

पण शनिवारी साहेबांच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, फासे टाकून एका काल्पनिक राज्याचा खेळ चाले. खेळ मांडायच्या साहेबांच्या बायको, म्हणजे वहिनी. त्या राज्यातल्या राक्षसांच्या आणि देवाच्या वतीने त्याच बोलत. पात्रं चिठ्ठ्या टाकून वाटली होती. पॅकिंगमधला टकलू झाला चोर, आणि होयबाच्या वाट्याला आला चक्क धर्मगुरू. राजासुद्धा त्याच्या पाया पडे. मेलेल्याला उठवण्याची शक्ती फक्त त्याच्याकडे. साहेबांना मिळाला साधा भालाईत, पण त्यांनी तो वर्षभर पोटच्या पोरासारखा जपला होता.

त्या दिवशी नकाशावरच्या पुलावर राक्षसाने भालाइताला उचलून आपटलं. भालाईत मेला. साहेबांचा चेहराच पडला.

"बघताय काय? उठवा त्याला," साहेब होयबावर ओरडले. आवाज थेट ऑफिसातला होता.

"हो साहेब," म्हणत होयबा खुर्चीतून ताडकन उठला.

झालं! वहिनींनी फासे खाली ठेवले. "धर्मगुरू एका भालाइतासाठी उभे राहिले? देवाचा अपमान झाला. तुमची शक्ती गेली."

होयबाने वहिनींपुढे हात जोडले. "काही उपाय, वहिनी?"

वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "आहे ना. ज्याच्यासाठी उभे राहिलात त्याला सगळ्यांदेखत खडसवायचं. अगदी मनापासून. नाहीतर भालाईत कायमचा गेला."

खडसवावं तर नोकरी जाणार, न खडसवावं तर साहेबांचा लाडका भालाईत जाणार, आणि त्याच्यामागोमाग पुन्हा नोकरीच. इकडे आड, तिकडे विहीर.

"अहो, खडसवा की," साहेब चिडले. "खेळच आहे."

"तुम्ही... थोडेसे हट्टी आहात," होयबा पुटपुटला.

"देवाला ऐकू आलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही दुसऱ्याचं ऐकून घेत नाही."

"हे देवाला लग्नापासून माहीत आहे. पुढे बोला."

मग काय झालं ते होयबालाही कळलं नाही. "चूक तुमची आणि खापर स्टोअरवर! व्हॉल्व्ह उलटे बसवायला तुम्ही सांगितलंत, बोलणी मी खाल्ली. बायकोच्या ऑपरेशनला रजा मागितली, तर म्हणालात, ऑपरेशन तुम्ही करणार आहात का? माणूस आहात की पंप?" तोंड काही थांबेना. टकलू न पडलेला फासा शोधायला टेबलाखाली गेला आणि तिथेच राहिला.

"देव प्रसन्न झाला," वहिनी म्हणाल्या.

भालाईत जिवंत झाला. साहेबांनी तो मुकाट्याने एक घर पुढे सरकवला.

रविवारी होयबाने अर्धं ताट तसंच बाजूला सारलं. "शनिवार संपला वाटतं," एवढंच बायको म्हणाली.

सोमवारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. होयबाने मनातल्या मनात स्टोअरच्या किल्ल्या टकलूच्या हवाली केल्या.

"शनिवारी तुम्ही मला जे बोललात..."

"तो मी नव्हतो साहेब, धर्मगुरू..."

"हळू बोला. येत्या शनिवारी आपले मोठे साहेब येतायत खेळायला. हिनेच बोलावलंय. त्यांनाही भालाईतच द्यायचा. पुलावर नेऊन त्याला राक्षसापुढे ढकलायचं काम माझ्याकडे. मग तुम्ही चुकून उभे राहा." साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि ते पुढे वाकले. "रजेचं तेवढं विसरू नका. मलासुद्धा ते देत नाहीत."

होयबाने हळूच विचारलं, "आणि माझं पर्मनंटचं, साहेब?"

"मी केव्हाच शिफारस करून वर पाठवलंय हो," साहेब म्हणाले. "आता फक्त मोठ्या साहेबांची सही राहिलीय."